दोन्ही हातांनी वेचलेला कापूस

१/
कापूस वेचण्याबद्दल एखाद्या राज्याने आपले सर्वोच्च पदक दिले असेल, असे परभणी, सेलू, मानवत, पाथरीच्या पट्ट्यात कोणाला सांगितले तर ते थट्टेवारी नेले जाईल. परंतु तसे घडले आहे. १९३५ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघाने ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ हे पदक ११ वर्षांच्या एका ताजिक मुलीला दिले. तिचे नाव मामलाकात नाखांगोवा. ती दोन्ही हातांनी कापूस वेचत असे, हीच तिची कामगिरी. समाजवादी राज्याने श्रमिकांना दिलेल्या सन्मानांचा हा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाकडे परभणीच्या शिवारातून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२/
त्या वर्षी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथेही सन्मानांची उतरंड होतीच. ‘जंग’, ‘दौला’, ‘मुल्क’, ‘उमरा’, ‘जाह’ अशा चढत्या क्रमाने किताब मिळत. ते मिळत अमीर-उमरावांना, जहागीरदारांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना. कुणब्याला किंवा मजुराला किताब द्यावा, हा विचार त्या दरबारात कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. जगातील बहुतेक राज्यांत हीच रीत होती. मान तलवारीला, घराण्याला आणि राजनिष्ठेला. योगायोग असा, की ‘ममलकत’ या फारसी शब्दाचा अर्थ ‘राज्य’. हैदराबादच्या उर्दू कारभारालाही तो परिचित होता. ताजिक मुलीचे नाव त्याच शब्दावरून आलेले.

३/
रशियातील १९१७ च्या क्रांतीने आरंभीच्या काही आठवड्यांतच जुने वर्गभेद आणि मुलकी हुद्दे-किताब रद्द केले. नवी व्यवस्था पदकांशिवाय चालेल, असे तेव्हा अनेकांना वाटले असावे. तसे झाले नाही. १९२८ मध्ये संपूर्ण संघासाठी ‘श्रमाचा लाल ध्वज’ हे पदक सुरू झाले. १९३० मध्ये ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ आले. २७ डिसेंबर १९३८ रोजी ‘समाजवादी श्रमवीर’ ही पदवी स्थापन झाली आणि १९४० पासून तिच्यासोबत ‘विळा-हातोडा’ हे सुवर्णपदक मिळू लागले. या पदवीचे पहिले मानकरी ठरले स्वतः स्टालिन, १९३९ मध्ये. पुढच्या अर्धशतकात सुमारे २०,००० जणांना ही पदवी मिळाली.

४/
पदकांची गरज का भासली? १९२८ पासून पंचवार्षिक योजनांचे युग सुरू झाले. कारखाने, खाणी, धरणे, सामूहिक शेती, सारे काही ठरावीक मुदतीत उभे करायचे होते. वेतन वाढवले तरी दुकानांत माल नव्हता; मग हातात आलेल्या पैशाचे करायचे काय? मालकाची भीती उरलेली नव्हती आणि नफ्याचा लोभ निषिद्ध होता. अशा वेळी माणसाने अधिक राबावे यासाठी राज्यापाशी दोनच साधने उरली. एक धाक आणि दुसरे मान. धाकाचा वापर किती झाला, हे जगजाहीर आहे. मानाची गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते.

५/
या मानाचा नमुना ठरला तो एक खाणकामगार. ३० ऑगस्ट १९३५ च्या रात्री दोनबासमधील इर्मिनो येथील खाणीत अलेक्सेई स्ताखानोव उतरला आणि ५ तास ४५ मिनिटांत त्याने १०२ टन कोळसा फोडला. एका पाळीचे ठरलेले प्रमाण होते ७ टन. म्हणजे चौदा पटींहून अधिक. काही आठवड्यांतच त्याचे नाव देशभर झाले आणि डिसेंबरात अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले. जो तो आपल्या कामात ‘स्ताखानोवी’ होण्याच्या मागे लागला, किंवा त्याला तसे लावण्यात आले.

६/
या विक्रमाची दुसरी बाजू ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एरवी कोळसा फोडणारा कामगारच मागे वळून छताला लाकडी टेकू देत असे. त्या रात्री ते काम दोन स्वतंत्र कामगारांवर सोपवले होते. त्यामुळे स्ताखानोव अखंड कोळसा फोडू शकला. विक्रम तिघांचा होता. बातमीत नाव एकाचे आले. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, अनेक उद्योगांतील कामाची ठरलेली प्रमाणे वाढवण्यात आली. एकाला मिळालेल्या पदकाची किंमत अशी इतरांच्या पाठीवर चढली. स्वतः स्ताखानोवला ‘समाजवादी श्रमवीर’ ही पदवी मिळण्यास मात्र १९७० साल उजाडावे लागले.

७/
आता कापसाकडे वळू. लालबहादूर शास्त्रींचे निधन ताश्कंदला झाले, म्हणून ते शहर आपल्याला ठाऊक आहे. ताश्कंद ज्या मध्य आशियात आहे, तो उझबेक, ताजिक, तुर्कमेन लोकांचा प्रदेश म्हणजे सोव्हिएत संघाचे कापसाचे कोठार. आपल्याकडचा कापूस बहुतांशी आकाशाकडे पाहून पिकतो. तिकडचा अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांच्या पाटपाण्यावर. मॉस्कोला परदेशी कापसावाचून चालवून दाखवायचे होते. म्हणून या प्रदेशाने धान्य, फळे, चारा मागे सारून ‘पांढरे सोने’ पिकवावे, असे ठरले. हा शब्दप्रयोग आपल्यासारखाच तिकडेही रूढ आहे.

८/
कापूस वेचणे हे दिसते तितके सोपे काम नाही. उमललेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्या सुईसारख्या टोचतात. कापूस काढताना पालापाचोळा चिकटू द्यायचा नाही, कवडी येऊ द्यायची नाही आणि कच्चे बोंड तोडायचे नाही. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसा कमरेवर भार येतो. दिवसभर वाकून हे करायचे आणि संध्याकाळी काट्यावर किलोचा हिशेब द्यायचा. मामलाकात एका हाताने झाड धरून दुसऱ्याने वेचण्याऐवजी दोन्ही हात एकाच वेळी चालवी. त्यामुळे तिची वेच मोठ्या माणसांच्या ठरलेल्या प्रमाणाच्याही कितीतरी पुढे गेली.

९/
परभणीच्या वाचकाला येथे नवल वाटेल. आपल्याकडची सराईत बाई दोन्ही हातांनीच वेचते. तिला त्याचे कौतुक कोणी सांगितलेले नसते. आईच्या किंवा सासूच्या मागे सरीने चालताना हात आपोआप बसलेला असतो. याचा अर्थ मामलाकातची कामगिरी लहान होती, असा नव्हे. अर्थ एवढाच, की कौशल्य दोन्हीकडे होते आणि एका राज्याला ते दिसले. डिसेंबर १९३५ मध्ये ताजिकिस्तान व तुर्कमेनिस्तानातील अग्रगण्य सामूहिक शेतकरी क्रेमलिनमध्ये बोलावले गेले, त्यात ही मुलगी होती. तिचे स्टालिनसोबतचे छायाचित्र सोव्हिएत संघात घरोघरी पोहोचले.

१०/
या छायाचित्राला एक काळी किनार आहे. जानेवारी १९३६ मध्ये गेल्या मार्किझोवा या बुर्यात मुलीने स्टालिनला पुष्पगुच्छ दिला. त्या प्रसंगाचेही छायाचित्र गाजले आणि त्यावरून शिल्पे घडली. दोन वर्षांनी तिच्या वडिलांना देशद्रोही ठरवून गोळी घालण्यात आली. आता शिल्पांचे काय करायचे? ती जागोजागी उभी होती. तेव्हा स्टालिनच्या कडेवरची ती मुलगी मामलाकात आहे, असे सांगितले जाऊ लागले. एका मुलीचा चेहरा, दुसऱ्या मुलीचे नाव. राज्याला मूर्ती हवी होती. मूर्तीतले मूल कोणते, हा प्रश्न गौण होता.

११/
तरीही या सन्मानांची निव्वळ खिल्ली उडवणे अन्यायाचे ठरेल. जेथे मुलींना पडद्याआड ठेवले जाई, तेथे एका शेतकरी कुटुंबातील मुलगी राजधानीत सन्मानित झाली. ती शिकली आणि पुढे दुशान्बे येथे अध्यापन करू लागली. उझबेकिस्तानातील तुर्सुनोय आखुनोवा या तरुणीने कापूस वेचणारे यंत्र चालवून १९५९ मध्ये श्रमवीर पदवी मिळवली. १९७८ मध्ये ती तिला दुसऱ्यांदा मिळाली. दोनदा श्रमवीर झालेल्याचा अर्धपुतळा त्याच्या जन्मगावी उभारण्याचा नियम होता. शेतात राबणाऱ्या बाईचा पुतळा तिच्या हयातीत गावात उभा राहावा, हे जगाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

१२/
त्याच वेळी हेही खरे, की सामूहिक शेतावरील माणसाला गाव सोडून जाण्याचे स्वातंत्र्य नव्हते. शहरात राहण्यासाठी लागणारे अंतर्गत पारपत्र शहरवासीयांना १९३२ पासून मिळत होते. सामूहिक शेतकऱ्यांना ते सरसकट देण्याचा निर्णय १९७४ मध्ये झाला. छातीवर पदक आहे, पण परवानगीवाचून नोकरी शोधायला शहरात जाता येत नाही, अशी ही स्थिती होती. मान आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला मिळाला म्हणजे दुसरा मिळालाच, असे नव्हे.

१३/
१९४७ मध्ये एक महत्त्वाचा बदल झाला. कोणत्या पिकाचे हेक्टरी किती क्विंटल उत्पादन काढल्यास श्रमवीर पदवी आणि किती काढल्यास पदक, याची मोजमापे हुकुमानेच ठरवण्यात आली. कापूसही त्यात होता. वरवर पाहता ही न्याय्य गोष्ट वाटते. वशिला नाही, मर्जी नाही. आकडा गाठा आणि मान घ्या. परंतु याच क्षणी सन्मानाचा मालक बदलला. तो यापुढे माणसाच्या कामाला नव्हे, तर कामाविषयी कागदावर लिहिलेल्या आकड्याला मिळू लागला. आणि कागदावर पीक काढण्यास ना पाऊस लागतो, ना पाटाचे पाणी.

१४/
शराफ रशीदोव हे १९५९ पासून उझबेकिस्तानच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख. मॉस्को दरवर्षी कापसाचे लक्ष्य वाढवी आणि ताश्कंद दरवर्षी ते ‘गाठी’. १९८० च्या सुमारास हा आकडा ६० लाख टनांच्या घरात गेला. रशीदोव यांना १९७४ आणि १९७७ अशी दोनदा श्रमवीर पदवी मिळाली, शिवाय ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ अनेकदा. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा तपासाची चक्रे फिरू लागलेली होती. दरवर्षी लाखो टन कापूस केवळ कागदावर पिकत असल्याचे त्या तपासातून उघड झाले.

१५/
साखळी अशी होती. शेताच्या अध्यक्षाने न पिकलेला कापूस पिकला म्हणून लिहायचा. खरेदी केंद्राने तो मोजून घेतला म्हणून पावती द्यायची. जिनिंगच्या कारखान्याने त्याची रुई निघाली म्हणून नोंदवायचे. तूट दिसली तर घट, ओल, कचरा या सदरांत दाखवायची. प्रत्येक पायरीवर लाच, आणि सर्वांत वर पदक. राज्याच्या तिजोरीतून मात्र खरा पैसा बाहेर पडत होता. या प्रकरणात ब्रेझनेव यांचे जावई यूरी चुर्बानोव यांना १९८८ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. रशीदोव यांचे पार्थिव ताश्कंदच्या मध्यवर्ती भागातील समाधीतून हलवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर मात्र उझबेकिस्तानने त्यांना पुन्हा मानाचे स्थान दिले.

१६/
कागदाबाहेरचा हिशेब अधिक कठोर होता. १९६० मध्ये जगातील चौथे मोठे सरोवर असलेला अरल समुद्र कापसासाठी नद्यांचे पाणी वळवल्यामुळे आटत गेला. मासेमारीच्या नौका वाळूत उभ्या राहिल्या. दर हंगामात शाळा-महाविद्यालये बंद ठेवून मुलांना वेचणीवर नेले जाई. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, पण ही सक्ती संपली नाही. शिक्षक आणि दवाखान्यांतील कर्मचारीही शेतात दिसत राहिले. आंतरराष्ट्रीय बहिष्कारानंतर उझबेकिस्तानने २०२० मध्ये कापसाची सरकारी लक्ष्यपद्धती रद्द केली आणि २०२२ मध्ये बहिष्कार उठला. एका मुलीच्या पदकाने सुरू झालेली गोष्ट अशी लाखो मुलांच्या सक्तीच्या वेचणीपर्यंत जाऊन पोहोचली.

१७/
आता आपल्याकडे. आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने किताब रद्द केले. जंग आणि दौला इतिहासजमा झाले. १९५४ मध्ये पद्म सन्मान सुरू झाले, परंतु ते नावापुढे लावण्याचे किताब नव्हेत. १९५५ मध्ये काँग्रेसच्या आवडी अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला. श्रमाचा सन्मान करावा ही जाणीव आपल्या राज्यकर्त्यांनाही होती. अधिक उत्पादन काढणाऱ्या शेतकऱ्यास ‘कृषी पंडित’ ही पदवी देण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाली.

१८/
कापसाच्या बाबतीत तर महाराष्ट्राने समाजवादी वाटावे असे पाऊल उचलले होते. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, व्यापाऱ्याला नाही. गाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून होणारे वाद, चुकाऱ्यासाठी पाहावी लागणारी वाट या गोष्टी जुन्या पिढीला आजही आठवतात. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. बियाण्याचा विचार झाला, भावाचा विचार झाला. ‘नांदेड ४४’ या संकरित वाणाचे नाव घराघरांत पोहोचले. वेचणाऱ्या हाताचा विचार मात्र कोठेच झाला नाही.

१९/
आज महाराष्ट्र शासन डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न, वसंतराव नाईक कृषिभूषण, महिलांसाठी जिजामाता कृषिभूषण, शेतीनिष्ठ शेतकरी असे पुरस्कार देते. ते योग्यच आहेत आणि मानकऱ्यांनी त्यांचे चीज केले आहे. परंतु प्रस्तावासोबत सातबारा लागतो. केंद्र शासनाचे प्रधानमंत्री श्रम पुरस्कार १९८५ पासूनचे. श्रमरत्न, श्रमभूषण, श्रमवीर किंवा श्रमवीरांगना, श्रमश्री किंवा श्रमदेवी असे त्यांचे चार स्तर. तेथे कायद्याच्या व्याख्येत बसणारा कामगार असावा लागतो. खासगी क्षेत्रातील असल्यास त्याच्या आस्थापनेत किमान ५०० कामगार असावे लागतात.

२०/
आता या दोन अटींच्या मध्ये कोण उभी आहे, ते पाहावे. मानवतच्या किंवा जिंतूरच्या शिवारात किलोच्या भावाने कापूस वेचणारी भूमिहीन बाई. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, म्हणून ती शेतकरी नाही. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नाही, म्हणून ती कामगारही नाही. पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात दहीभात शिंपडून ‘सीतादही’ करण्याची आपली रीत आहे. शिवाराचा मान होतो, पिकाचा मान होतो. वेचणारीचा मान करण्यास मात्र राज्याच्या कोणत्याही अर्जात रकाना नाही.

२१/
पदक नसले म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते पुढे. ज्या नोंदीवरून सन्मान मिळतो, त्याच नोंदीवरून संरक्षणही मिळते. शेतात सर्पदंश झाला, वीज पडली, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून साहाय्य मिळते. ही योजना सातबाऱ्यावरील खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. सरीतला साप मात्र खातेदार कोण, हे पाहून चावत नाही. लहान शेतकऱ्यावरही याचा दोष ढकलता येणार नाही. वेचणीचा खर्च आणि बाजारभाव यांच्या कात्रीत तो स्वतःच सापडलेला असतो. प्रश्न नोंदीचा आहे, आणि नोंद ठेवणे हे राज्याचे काम.

२२/
या दोन इतिहासांची बेरीज काय? सोव्हिएत राज्याने वेचणारा हात पाहिला, त्याला पदक दिले, आणि मग त्या हाताकडून आकडा मागितला. आकड्याची भूक वाढत गेली, तसा हात दिसेनासा झाला आणि पदक पक्षप्रमुखाच्या छातीवर गेले. आपल्या प्रजासत्ताकाने वेचणारीवर लक्ष्याची सक्ती लादली नाही, हे मोठेच. मात्र तिला पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. एकीकडे मोजमापाचा अतिरेक, तर दुसरीकडे नोंदीचाच अभाव. दोन्हीकडे शेवटी नुकसान झाले ते वेचणारीचेच.

२३/
म्हणून ‘उत्कृष्ट वेचणी पुरस्कार’ सुरू करावा, असे सुचवण्याचा मोह टाळलेला बरा. कोणी किती किलो वेचला याची स्पर्धा लावली, की उद्या शाळेतली मुलगी आईच्या ओटीत भर घालताना दिसेल. हा धडा मध्य आशियाने पुरेशी किंमत मोजून दिला आहे. आधी तिचे नाव शेतमजूर म्हणून एखाद्या नोंदवहीत यावे, त्या नोंदीवर अपघाताचे साहाय्य मिळावे आणि किलोचा दर ठरताना तिचा शब्द ऐकला जावा. हक्क आधी, हारतुरे नंतर. हा क्रम उलटा लावला तर काय होते, ते आपण वर पाहिले.

२४/
मामलाकात नाखांगोवा २००३ मध्ये दुशान्बे येथे निवर्तली. तिला पदक देणारे राज्य तिच्या आधी १२ वर्षे लयाला गेले होते. दोन्ही हातांनी कापूस वेचण्याची कला मात्र कोणत्याही राज्याची नव्हती. ती राज्याबरोबर आली नाही आणि राज्याबरोबर गेलीही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारात बोंडे फुटू लागतात, तेव्हा ती पाहायला मिळते. या हंगामात कापसाच्या शेताजवळून जाणे झाले, तर सरीतल्या बायांचे हात थोडा वेळ थांबून पाहावेत. आणि आपल्याच शेतात त्या वेचत असतील, तर त्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत. नुसते किलो नकोत.

(धागा समाप्त)